मेलेला उंदीर, जाळीचा तुकडा आणि एक वही: मढ्यावरचे किडे कसे बघायचे

वास येणार. हे आधीच सांगून टाकते म्हणजे नंतर कोणी मला शिव्या घालायला नको. नाकाला सवय होते वगैरे लोक म्हणतात ते अर्धवट खरंय, सवय होते ती तिथे उभं असेपर्यंतच, दुसऱ्या दिवशी गेलं की पुन्हा पाढे पंचावन्न. वारा आपल्या पाठीकडून येईल असं उभं राहायचं, एवढंच करता येतं. नाकाखाली बाम-बिम चोळू नका, माझं तरी त्याने नाक अजून मोकळं झालं आणि वास दुप्पट यायला लागला.

तर विषय असा की एखादा मेलेला उंदीर किंवा पक्षी दिसला की आपण नाक दाबतो आणि म्हणतो कुजतंय. पण ते नुसतं कुजत नसतं, खाल्लं जात असतं, आणि खाणारे जबरदस्त शिस्तीत येतात. जेरी पेन नावाच्या अमेरिकन संशोधकाने साउथ कॅरोलायनात डुकराची मेलेली पिल्लं ठेवून बघितली, काही किड्यांना मोकळी, काही किडे पोचणारच नाहीत अशी बंद करून. १९६५ साली त्याने ते छापलं. मोकळ्या पिल्लांचं ६ दिवसांत ९०% वजन गायब, आणि बंद ठेवलेली वाळून मम्मीसारखी होऊन कितीतरी दिवस तशीच पडून राहिली. त्या कामात त्याने ५२२ जातींचे जीव नोंदवले. पिल्लं तीच, हवा तीच, फरक फक्त किड्यांचा. हे वाचल्यावर मला राहवलं नाही, तेव्हापासून हा नाद आहे. खाली जे लिहिलंय ते कसं बघायचं, कुठे बघायचं आणि मी काय काय चुकले याबद्दल आहे.

आधी मढं निवडा

मुद्दाम कुठलाही प्राणी मारायचा नाही, हे सांगायला लागू नये पण सांगते. आपोआप मेलेला, शक्यतो त्याच दिवशी सापडलेला घ्या. उंदराएवढं मढं असेल तर उन्हाळ्यात आठवड्याच्या आत खेळ आटपतो आणि मधले टप्पे पटापट निसटतात. सशाएवढं किंवा कोंबडीएवढं असेल तर सगळ्या पाहुण्यांना जागा मिळते, बघायला वेळही मिळतो. तरी पहिल्या वेळेस उंदीरच घ्या, चुका करायला स्वस्त.

विष खाऊन मेलेला उंदीर नको. एकतर त्याला घार-घुबड-मांजराने तोंड लावलं तर विष पुढे जातं, आणि कीटकनाशकाने मेलेलं काही असेल तर माशाही मरतात. फ्रीजरमध्ये ठेवलेलं चालतं पण ते वेगळ्या पद्धतीने कुजतं, ताज्या मढ्यात आतड्यांकडून सुरुवात होते तर गोठवून वितळवलेल्यात बाहेरून जास्त सुरुवात होते, म्हणून वहीत तसं लिहून ठेवा. काही मिळालंच नाही तर कच्च्या काळजाचा तुकडा ठेवला तरी माशा येतात, पण कातडी-केस-हाडं नाहीत म्हणून शेवटचे किडे येणार नाहीत, अर्धाच सिनेमा बघितल्यासारखं होतं.

आता काय अजिबात घ्यायचं नाही. गुरं-ढोरं अचानक मेली असतील, नाका-तोंडातून काळपट रक्त आलं असेल तर लांब राहा, तो अँथ्रॅक्स असू शकतो आणि त्याचे जंतू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. एका जागी खूप पक्षी मेलेले दिसले तर बर्ड फ्लूची शक्यता, तिथेही हात नाही. कुत्रा, कोल्हा, वटवाघूळ हे रेबीजमुळे नको. जंगली प्राण्यांना बऱ्याच देशांत कायद्याचं संरक्षण असतं आणि ते मेलेल्या प्राण्यालाही लागू पडू शकतं, तेव्हा आधी बघून घ्या. आणि चुकून माणसाचं काही सापडलं तर तिथे काहीही न हलवता पोलिसांना फोन करायचा, फोटो काढत बसायचं नाही.

मांडणी, आणि जाळीची गोष्ट

जागा घरापासून लांब, विहीर-ओढा-नाला यापासूनही लांब, आणि खाली उघडी माती पाहिजे. फरशीवर किंवा प्लास्टिकच्या टबमध्ये ठेवू नका कारण निम्मी गोष्ट मातीत घडते. अर्धवट सावली बरी. कडक उन्हात छोटं मढं अळ्या मोठ्या व्हायच्या आत वाळून कडक होतं.

वरून पिंजरा पाहिजेच. मी पहिल्यांदा एक छान ताजी घूस ठेवली, वही उघडली, वेळ लिहिली, चहा घ्यायला आत गेले आणि परत आले तर घूस नाही. कुत्रा. वहीत त्या दिवशी एकच ओळ आहे. त्यामुळे दोनेक सेंटिमीटर भोकाची तारेची जाळी घ्या, उलट्या टोपलीसारखी ठेवा, चारी बाजूंनी खुंट्या ठोका किंवा दगड ठेवा. माशा-भुंगे आरामात आत जातात, कुत्रा-कावळा-मांजर नाही.

आणि ही सगळ्यात कामाची टीप, जी मला कोणी सांगितली नव्हती: मढं ठेवायच्या आधी त्याच्या खाली पण जाळीचा एक सपाट तुकडा टाका, तसाच मोठ्या भोकांचा, दोन बाजूंना दोरी बांधून. नंतर खालची बाजू बघायची असेल तर दोन्ही दोऱ्या धरून अख्खं मढं अलगद उचलता येतं. हे नाही केलं तर चौथ्या दिवशी काठीने उलटायला जाल आणि ते हातात तुटून येईल. नवीन माणूस वरून बघतो, वर चार माशा दिसतात, फोटो काढतो आणि निघून जातो, आणि खरी गर्दी असते पोटाखाली, जिथे ओल आहे, अंधार आहे आणि ऊन लागत नाही.

बाकी सामान साधंच. रबरी हातमोजे, एक लांब चिमटा (जो परत स्वयंपाकघरात जाणार नाही), भिंग, सावलीत टांगायला थर्मामीटर, फोटोत शेजारी ठेवायला छोटी पट्टी आणि वही. शिवाय तीन-चार प्लास्टिकचे कप मढ्यापासून हातभर अंतरावर मातीत असे पुरा की कपाची कड मातीच्या बरोबर येईल, आत दोन बोटं पाणी आणि साबणाचा एक थेंब. रात्री चालत येणारे भुंगे यात पडतात. साबण का, तर त्याने पाण्याचा ताण मोडतो आणि किडा वर तरंगत बसत नाही. कप रोज रिकामे करायचे, पाऊस येणार असेल तर वर उंचावर एखादी फळी धरायची.

पहिला दिवस: माशा

उबदार दिवस असेल तर पहिली माशी काही मिनिटांत येते, कधी कधी तुम्ही पिंजरा ठोकत असतानाच. हिरव्या-निळ्या धातूसारख्या चमकणाऱ्या माशा, शास्त्रीय नावं लुसिलिया, क्रायसोमिया, कॅलिफोरा अशी. यातली क्रायसोमिया मेगासेफाला गरम प्रदेशात भरपूर दिसते, मोठ्ठे लाल डोळे, चेहरा बघितला की ओळखू येते. आपल्याला अजून वास आलेलाही नसतो तेव्हा या पोचतात, कारण कुजताना सुटणाऱ्या गंधकाच्या संयुगांचा बारीकसा मागमूस त्यांना पुरतो.

आता लक्ष कुठे ठेवायचं, तर डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या, तोंड, कान, शेपटीखाली, आणि जखम असेल तर जखमेत. कातडी फोडायची ताकद कोवळ्या अळीत नसते म्हणून माशी मऊ, ओली, आयती दारं शोधते. अंडी पिवळसर पांढरी, साधारण दीड मिलिमीटरची, एकमेकांना चिकटून ठेवलेली. एक मादी एका वेळेला शंभर-दोनशे घालून जाते, आणि एकीने घातली की बाकीच्या तिथेच येतात, त्यामुळे तासाभरात मेलेल्या उंदराच्या तोंडात लोकरीचा बोळा कोंबल्यासारखं दिसतं.

त्यांच्यात एक राखाडी माशी दिसेल, छातीवर तीन काळे उभे पट्टे आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी. ही सार्कोफॅगा घराण्यातली. तिला अंड्यांच्या भानगडीत पडायचंच नसतं, अंडी पोटातच फुटतात आणि ती थेट जिवंत अळ्या टाकते, म्हणजे दुसऱ्यांच्या अंड्यांना जितके तास जातात तितके हिने वाचवले. हे घडताना बघायचं असेल तर भिंग घेऊन बसावं लागतं, फार पटकन होतं.

रात्री माशा सहसा अंडी घालत नाहीत, थंडीत १० डिग्रीच्या आसपास आणि खाली गेल्यावर त्यांची हालचालच मंदावते, जोराच्या पावसातही बंद. म्हणून मढं संध्याकाळी ठेवलंत आणि सकाळपर्यंत काहीच झालं नाही तर निराश होऊ नका, दुकान उघडायचंय अजून. सकाळी ठेवा ना मुळातच.

जुन्या लोकांना वाटायचं की अळ्या मांसातून आपोआप तयार होतात. १६६८ मध्ये इटलीतल्या फ्रान्चेस्को रेदीने बरण्यांत मांस ठेवलं, काही उघड्या, काहींवर जाळीचं कापड, आणि कापडाखालच्या मांसात अळ्या झाल्या नाहीत. तुम्हालाही हे करून बघता येईल, शेजारी दुसरा तुकडा दाट कापडाने बांधून ठेवा. फक्त कापड मांसाला टेकू देऊ नका, माशी कापडाच्या वरूनच अंडी घालते आणि कोवळ्या अळ्या विणीतून खाली उतरतात, माझ्या बाबतीत झालंय, रेदीला खोटं पाडल्यासारखं वाटलं होतं दोन मिनिटं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून: अळ्यांचा गोळा

उबेत दिवसाभरात अंडी फुटतात. पोटात वायू धरून मढं फुगतं, मग फुटतं किंवा झिरपायला लागतं, आणि तेव्हा वास शिखराला. याच दिवसात पळून जाऊ नका, हीच खरी मजा. कान जवळ न्या (नाक बंद करून), बारीक चुरचुर ऐकू येते, वाळक्या पानांवर रिमझिम पडल्यासारखी. शेकडो अळ्या एकदम खातायत.

अळीचं खाणं नीट समजून घ्या. तिला जबडा नसतो, तोंडाशी दोन काळे आकडे असतात, त्याने ती मांस ओरबाडते आणि वर पाचक रस सोडते, मांस विरघळलं की ते शोषून घेते. एकटीने सोडलेला रस वाहून जाईल, म्हणून सगळ्या एकत्र गोळा करून खातात. आणि श्वास? तोंड तर खाली बुडालेलं. तर नाकं मागच्या टोकाला असतात. चिमट्याने एक अळी उचलून तिचं जाड टोक भिंगातून बघा, दोन तपकिरी ठिपके दिसतील, डोळ्यांसारखे, सगळे नवशिके त्याला डोळेच समजतात. ती श्वासाची छिद्रं. प्रत्येक ठिपक्यात बारीक चिरा असतात, चांगल्या भिंगाखाली किंवा साध्या मायक्रोस्कोपखाली मोजता येतात, अळी दोनदा कात टाकते आणि तिची तीन वयं होतात, दोन चिरा असतील तर अळी दुसऱ्या वयाची, तीन असतील तर तिसऱ्या म्हणजे शेवटच्या वयाची. आणि हे ठिपके खोल खळग्यात लपल्यासारखे असतील तर ती बहुधा त्या राखाडी माशीची अळी. हिरव्या माशीच्या अळीत ते वर, उघडे दिसतात.

आता थर्मामीटर त्या गोळ्यात खुपसून बघा. मोठ्या मढ्यात हा गोळा बाहेरच्या हवेपेक्षा १०-२० डिग्रीने गरम असू शकतो, उंदरात तेवढा फरक येत नाही कारण अळ्याच कमी. इतकी ऊब झाली की आतल्या अळ्या बाहेर येतात, गार होतात, परत आत घुसतात, सतत घुसळण चाललेली असते. जीवांना शास्त्रीय नावं द्यायची रीत बसवणाऱ्या स्वीडनच्या लिनियसने लिहून ठेवलंय की तीन माशा घोड्याचं मढं सिंहाइतक्याच झपाट्याने संपवतात, त्यात माशांच्या पोरांचा हिशोब धरला तर फार अतिशयोक्ती नाही.

काही अळ्या वेगळ्या दिसतील, अंगावर मांसल काटे असलेल्या, जणू केसाळ. क्रायसोमिया रुफिफेसीस जातीच्या असू शकतात. या दुसऱ्या माशांच्या अळ्या पण खातात, एक केसाळ अळी गुळगुळीत अळीला वेटोळं घालून धरते आणि टोचते. ही मंडळी आली की दोन दिवसांत गुळगुळीत अळ्यांची संख्या घसरलेली दिसते. मुंग्या पण असंच करतात, अंडी आणि कोवळ्या अळ्या उचलून नेतात. मुंग्यांच्या वारुळाजवळ मढं ठेवलं तर कुजायला सरळ सरळ उशीर होतो, त्यामुळे जागा निवडताना आधी वाकून जमीन बघा. गांधीलमाशा येतात त्या उडत्या माशा पकडायला, त्यांच्या वाटेत हात घालू नका बस्स.

दिवसातून एकदाच, पाच-दहा मिनिटं, आणि जमलं तर रोज त्याच वेळेला उघडा. सारखं उचलून बघितलं की गोळा विस्कटतो, थंड पडतो आणि तुम्ही मोजताय ते निसर्गाचं नाही तर तुमच्या उतावळेपणाचं.

भुंगे

जाळी उचलली की खालून काही चपटे-काळे, चकचकीत, मण्यासारखे भुंगे पळताना दिसतील, धक्का लागला की पाय आत ओढून मेल्याचं सोंग घेतात. हिस्टेरिड. यांना मढ्यात रस नाही, अळ्यांत आहे. दुसरे लांबुळके, पंख इतके आखूड की शर्ट आटल्यासारखं अर्धं पोट उघडं, घाबरले की शेपटाकडचा भाग विंचवासारखा वर करतात. स्टॅफिलिनिड. तेही अळ्यांवर. यांच्या गोतावळ्यातल्या काहींच्या अंगातल्या रसाने कातडीवर फोड येतात, उघड्या हाताने चिरडायचे नाहीत.

थंड हवेच्या प्रदेशात राहत असाल तर एक खास पाहुणा येऊ शकतो, काळ्या अंगावर नारिंगी पट्टे असलेला, मढं पुरणारा भुंगा, निक्रोफोरस. नर-मादी जोडीने येतात, उंदराच्या खालची माती उकरत उकरत अख्खा उंदीर जमिनीत उतरवतात, केस काढून त्याचा गोळा करतात, त्याला स्वतःचे स्राव लावतात म्हणजे लवकर सडू नये, आणि मग पिल्लांना तोंडाने भरवतात. हो, भुंगे, पिल्लांना भरवतात, पिल्लं चिमणीच्या पोरांसारखी मागतात. त्यांच्या अंगावर बारीक माईट (कोळ्यांच्या नात्यातले चिमुकले जीव) बसून आलेले असतात, ते माशीची अंडी खातात. त्यामुळे रात्रीत उंदीर गायब झाला आणि पिंजरा जागच्या जागी असेल तर कुत्र्याला शिव्या घालायच्या आधी बोटभर माती उकरून बघा. सापडला तर अलगद परत झाका आणि त्या दोघांना त्यांचा संसार करू द्या.

अळ्या निघून जातात तेव्हा

हा टप्पा बहुतेक जण चुकवतात. एके दिवशी बघाल तर मढं एकदम रिकामं, चपटं, कातडी आणि हाडं, आणि अळ्या कुठेच नाहीत. मेल्या नाहीत, पोट भरलं म्हणून चालत्या झाल्या. निघायच्या आधी खूण दिसते: खाणाऱ्या अळीच्या पुढच्या भागात पांढऱ्या कातडीतून एक काळपट डाग दिसतो, ती तिची अन्नाची पिशवी, आणि खाणं थांबलं की तो डाग आक्रसत जातो आणि अळी पिवळट, दुधाळ दिसायला लागते. डाग गेलेल्या अळ्या दिसल्या की समजा उद्या-परवा स्थलांतर.

मग खुरपं घ्या आणि मढ्यापासून मीटर-दोन मीटरपर्यंत वरची चार-पाच सेंटिमीटर माती चाळा, दगडाखाली, पानांखाली बघा. कोष सापडतील. कोष म्हणजे अळीचीच शेवटची कातडी कडक झालेली, सुरुवातीला पांढरी, मग काही तासांत नारिंगी, विटकरी, शेवटी गडद तपकिरी. पांढरा कोष मिळाला तर लॉटरी, कारण तो आज, आत्ताच झालाय हे नक्की कळतं, वेळ लिहून ठेवा.

माशीची जात नक्की करायची तर थोड्या अळ्या घरी (बरं, गॅलरीत) वाढवाव्या लागतात, अळीवरून ओळखणं कठीण आणि उडत्या माशीवरून सोपं. डब्यात दोन-तीन इंच किंचित ओलसर वाळू किंवा लाकडाचा भुसा, वर काळजाचा तुकडा, त्यावर अळ्या. डब्याला झाकण म्हणून दाट कापड रबरबँडने घट्ट. भोकं पाडलेलं प्लास्टिकचं झाकण नको!! मी तेच केलं होतं, वाटलं भोक बारीक आहे, आणि रात्री ओल्या अळ्या डब्याच्या भिंतीवरून सरळ वर चढल्या, भोकातून अंग लांब करून बाहेर, आणि सकाळी घरच्यांना त्या चपलांच्या रॅकमध्ये सापडल्या. त्यावर जे बोलणं खाल्लं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कोषातून माशी निघताना दिसली तर सगळं काम सोडून बघा. तिच्या कपाळातून पाण्याच्या फुग्यासारखी पिशवी फुगते, मिटते, फुगते, त्या धक्क्याने कोषाचं टोपण उडतं, मग ती मातीतून त्याच फुग्याने वाट काढत वर येते. बाहेर येते तेव्हा राखाडी, मऊ, पंख चुरगळलेले, ही कसली हिरवी माशी असं वाटतं. एक दिवस थांबा, रंग चढतो, मगच ओळखायला घ्या. आणि कोषाला टोपण न उडता नुसतं टाचणीएवढं गोल भोक असेल तर आतून माशी निघालेलीच नाही, नॅसोनियासारख्या चिमुकल्या गांधीलमाशीने त्यात अंडी घातली होती आणि तिची पोरं माशीला आतून खाऊन बाहेर पडली.

नमुने ठेवायचे तर अळ्या थेट स्पिरिटमध्ये टाकू नका, काळ्या पडतात आणि आक्रसतात, माझी पहिली पूर्ण बरणी अशीच वाया गेली. आधी उकळी येऊन थोडं खाली आलेल्या गरम पाण्यात अर्धा मिनिट, मग ७०-८० टक्के अल्कोहोलमध्ये. पांढऱ्या आणि ताठ राहतात, लांबी नीट मोजता येते. बरणीत आत चिठ्ठी, पेन्सिलने लिहिलेली, तारीख-वेळ-जागा, कारण पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

वहीत काय

तारीख, वेळ, सावलीतलं तापमान, काय कुठे दिसलं, सगळ्यात लांब अळी किती मिलिमीटर. तापमान लिहायचं राहिलं तर बाकी सगळं लिहून उपयोग नाही, कारण किड्यांचं घड्याळ आपल्या घड्याळावर नाही, उबेवर चालतं. ढोबळ हिशोब असा, समजा एखाद्या माशीची वाढ १० डिग्रीखाली थांबते. सरासरी २८ डिग्रीच्या दिवसात तिला १८ डिग्रीची कमाई झाली, १९ डिग्रीच्या दिवसात ९ ची. म्हणजे पहिल्या हवेत जे काम ६ दिवसांत होईल त्याला दुसऱ्या हवेत १२ लागतील. प्रत्येक जातीचा खालचा आकडा वेगळा असतो, पण रीत हीच, आणि माणूस मरून किती दिवस झाले हे अळ्यांवरून काढणारे तज्ज्ञ हाच हिशोब बारकाईने करतात. या मार्गाची सगळ्यात जुनी गोष्ट चीनमधली, सोंग त्झू नावाच्या न्यायाधिकाऱ्याने १२४७ मध्ये लिहून ठेवलेली: खून झाला, सगळ्यांचे विळे जमिनीवर ठेवायला लावले, आणि माशा एकाच विळ्यावर बसल्या, न दिसणाऱ्या रक्ताच्या वासाने.

शेवटचे पाहुणे

मांस संपलं, वास उतरला, आता वाळकी कातडी खाणारे. डर्मेस्टिस भुंगे, सेंटिमीटरभराच्या आतले, वरून काळपट, पोट पांढरट, आणि त्यांच्या अळ्या तपकिरी केसाळ. सोबत निळे चमकदार, लाल पायांचे नेक्रोबिया. हेच डर्मेस्टिस म्युझियमवाले मुद्दाम पाळतात, कातडी काढून वाळवलेला सांगाडा त्यांच्यात ठेवला की नाजूक हाडंसुद्धा न तोडता साफ करून देतात. घरी हा उद्योग करायचा असेल तर गुळगुळीत भिंतींचा काचेचा किंवा धातूचा खोल डबा, २५-३० डिग्री ऊब, आणि सगळं कोरडं, ओल आली की बुरशी, माईट आणि घाण वास. लाकूड आणि थर्माकोल हे कोष करायला पोखरतात म्हणून त्याचे डबे नकोत. अळ्यांच्या केसांनी काहींना अ‍ॅलर्जी होते, मास्क लावा. आणि तुमच्याकडे कीटकांचा किंवा पिसांचा संग्रह असेल तर त्याच घरात हे पाळू नका, एक मादी सुटली तर संग्रह गेला. साफ झालेलं हाड आधी काही दिवस फ्रीजरमध्ये, मग भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात चरबी सुटेपर्यंत, मग ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. उकळायचं नाही, ब्लीच तर अजिबात नाही, हाड भुसभुशीत होतं.

डर्मेस्टिसनंतरही केस आणि पिसं उरतात, तिथे ट्रॉगिड भुंगे येतात, मातीने माखलेले, ओबडधोबड, हात लावला की ढेकळासारखे निपचित. कपडे खाणाऱ्या कसरीच्या पतंगांच्या घराण्यातलेही येतात, केसांतलं केराटिन नावाचं चिवट प्रथिन पचवणारे जीव फार थोडे, हे त्यातले. या टप्प्याला आठवड्यातून एकदा गेलं तरी चालतं.

आवरताना उरलेली हाडं-केस तिथेच पुरा, कप काढून खड्डे बुजवा, चिमटा उकळा, हातमोजे उलटे करून काढा आणि टाकून द्या, हात साबणाने दोनदा. खालची जाळी काढायला मात्र वेळ ठेवा. मढ्याखालचं गवत सुरुवातीला जळून जातं, एवढा रस झिरपतो, पण काही महिन्यांनी त्याच जागी आजूबाजूपेक्षा गर्द हिरवं येतं. माझी जाळी मी तीन महिने विसरले होते, दोरी धरून ओढली तर हलेना, प्रत्येक भोकातून गवत वर आलं होतं, कात्रीने कापून काढावी लागली.